ग्रंथालय मागणाऱ्याचे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत ग्रंथालय समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसादही वाटून झाला, आणि तरीही आपण भाषण ऐकायला थांबलात याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. कालच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला जितकी गर्दी होती तितकी आज नाही, आणि ती नसावी हेही ठीकच. ग्रंथालय समितीच्या भाषणाला खुर्च्या कमी पडल्या तर आम्हालाच काळजी वाटेल.

आजचा विषय आम्ही आपण होऊन निवडलेला नाही. कार्यकारिणीने या वर्षी आम्हाला एक सरळ प्रश्न विचारला आहे. मागच्या खोलीत पुस्तकांची सहा कपाटे आहेत. ती खोली संस्कारवर्गासाठी आणि उत्सवाच्या सामानासाठी हवी आहे. त्या कपाटांतली बरीच पुस्तके वर्षानुवर्षे कोणी मागितलेली नाहीत. मग ती ठेवायची कशाला? वार्षिक सभेपूर्वी आम्ही याचे उत्तर द्यायचे आहे. प्रश्न रास्त आहे, खोचक मुळीच नाही. जागेची अडचण खरी आहे आणि मुलांचा वर्ग आज जिन्याखाली भरतो, हेही आम्ही रोज पाहतो.

तेव्हा ‘मागणी’ या एका शब्दाबद्दल थोडे बोलायचे आहे. आपल्याकडे मागणी म्हटले की आधी लग्नाची आठवते. मागणी कोणी घातली, कोणाकडून आली, यावरून पुढचे सगळे ठरते. ग्रंथालयाचे आणि संशोधनाचे यापेक्षा फारसे वेगळे नसते. याला पुरावा शोधायला लांब जायला नको. आपल्या बडोद्यातच तो मांडवीजवळ उभा आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला, हे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून माहीत आहे. पुढची अडचण मात्र फारशी सांगितली जात नाही. सक्तीने शाळेत आलेली मुले चार इयत्ता शिकून शेतावर किंवा दुकानात गेली की हाताशी छापील कागद उरत नसे, आणि काही वर्षांत शिकलेले विसरले जाई. म्हणजे शाळेवर खर्च केलेला पैसा जमिनीत मुरल्यासारखा. महाराजांना ग्रंथालय हवे होते ते या कारणासाठी. शोभेचे ग्रंथालय राजवाड्यात आधीपासून होतेच. पण वाचायला शिकवलेल्या माणसाला वाचायला काहीतरी मिळालेच पाहिजे, अशी गरज शाळेने निर्माण केली होती.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली न्यू हेवन गावचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डेन यांना बडोद्याला बोलावून घेतले. बोर्डेन इथे सुमारे तीन वर्षे राहिले. तेवढ्या काळात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, पत्त्यांवर सूची करण्याची पद्धत आणली, ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकन पद्धतींची सांगड घालून बडोद्यासाठी वेगळे वर्गीकरण तयार केले, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग चालवला. भारतातला तो असा पहिलाच वर्ग मानला जातो. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातली हजारो पुस्तके ग्रंथालयाला देऊन टाकली. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभाग होता, हे आपल्या मंडळात मुद्दाम सांगायला हवे. ग्रंथालयशास्त्रावर मराठीत लिहिले गेले ते बडोद्यात, आणि तेही शंभरावर वर्षांपूर्वी.

पण या सगळ्यात आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते ती इमारतही नव्हे आणि वर्गीकरणही नव्हे. ती आहे अनुदानाची अट. खेड्याला ग्रंथालय हवे असेल तर आधी गावाने वर्गणी जमवायची. गावाने जेवढी रक्कम उभी केली तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. समजा गावाने पंचवीस रुपये जमवले, तर ग्रंथालयाच्या हाती पंचाहत्तर आले. गावाने काहीच जमवले नाही, तर दरबारातून पैसाही सुटत नसे.

वरवर हा काटकसरीचा हिशेब दिसतो, आणि काही अंशी तो होताही. पण त्यामागचा विचार नीट पाहा. शाळा सक्तीची करता येते, ग्रंथालय सक्तीचे करता येत नाही. दरबाराने प्रत्येक गावात पुस्तकांचे कपाट पाठवले असते, तर ते पाटलाच्या ओसरीवर कुलूपबंद राहिले असते आणि कुलपाची किल्ली हरवली असती. चार माणसांनी दारोदार फिरून वर्गणी मागितली की ती चार माणसे पुढे कपाट उघडे राहील हेही पाहतात. गुजराती बांधवांमध्ये मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळांच्या मार्फत खेडोपाडी वाचनालये उभी करण्याचे काम आधीच हाती घेतले होते. महाराजांनी त्यांना ग्रंथालय खात्यात घेतले. मागणी जिथे आधीच होती तिथला माणूसच सरकारने उचलला. त्यामुळे शेकडो गावांत वाचनालये निघाली. ज्या गावाला एवढेही झेपत नव्हते तिथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटी मागवायची, वाचून झाली की परत करायची, दुसरी मागवायची. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. जो माणूस मुख्य दालनात येऊन मागायला बिचकतो त्याच्यासाठी मागण्याची वेगळी जागा करून दिली की तोही मागू लागतो, हे त्या काळी ओळखले गेले होते. आजही आपल्या मंडळात नव्या सुना आणि शाळकरी मुले खिडकीशी येऊन थांबतात आणि काही न मागता परत जातात. त्याला उपाय हाच आहे.

संशोधनाचीही अशीच गोष्ट आहे. संशोधक एकांतात बसतो आणि त्याला विषय सुचतो, असे चित्र आपल्या मनात असते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे उदाहरण घ्या. ते १८८९ मध्ये बडोदे सरकारच्या नोकरीत आले ते इतिहासकार म्हणून नव्हे. महाराजांना पुस्तके वाचून दाखवणे आणि पुढे राजपुत्रांना शिकवणे, हे त्यांचे काम. महाराजांची भूक मोठी होती. त्यांच्या सांगण्यावरून सरदेसायांनी मॅकियाव्हेली मराठीत आणला, सीलीचे इंग्लंडच्या विस्तारावरचे पुस्तक आणले. शिकवण्यासाठी म्हणून हिंदुस्थानच्या इतिहासाची टिपणे काढावी लागली, कारण मराठीत देता येईल असे सलग पुस्तकच नव्हते. ती टिपणे वाढत गेली. १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ बाहेर आली, १९०२ मध्ये ‘मराठी रियासती’चा पहिला भाग. ज्या ग्रंथमालेवर महाराष्ट्राच्या पिढ्या वाढल्या तिचा उगम एका मालकाच्या चौकस स्वभावात आणि मुलांच्या शिकवणीत आहे. मालक निरुत्सुक असता तर सरदेसायांनी नोकरी प्रामाणिकपणे केलीच असती, पण रियासत लिहिली गेली असती का, याविषयी आम्हाला शंका आहे.

कारभारालाही ज्ञान लागते. संस्थानचा कारभार देशी भाषांत चालवायचा म्हटल्यावर कचेरीतल्या इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द हवे झाले. प्रत्येक कारकून आपापला शब्द वापरू लागला तर एकाच्या हुकमाचा दुसऱ्याला अर्थ लागेना. त्यातून १९३१ मध्ये ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला. एकेका इंग्रजी शब्दासमोर अनेक भाषांतले प्रतिशब्द, त्यांत मराठी आणि गुजरातीही. व्यायामशाळांचे गाव म्हणून बडोद्याची ख्याती, जुम्मादादांच्या आखाड्याचे नाव सर्वदूर, म्हणून मराठीतला व्यायाम ज्ञानकोश पुण्यामुंबईऐवजी बडोद्यातून निघाला. ज्या गावात जे विचारले जाते त्याचे कोश त्या गावात होतात.

इथवर सगळे सोपे आहे. मागितले की मिळते, आणि मागणाऱ्याप्रमाणे संस्था घडते. मग कार्यकारिणीचे म्हणणे बरोबरच ठरते: जे मागितले जात नाही ते हलवावे. पण बडोद्याच्याच इतिहासात एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय आम्हाला उत्तर देता येत नाही.

पाटण तेव्हा बडोदे संस्थानात होते. तिथल्या जैन भांडारांत ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या हजारो पोथ्या होत्या. त्या कोणी रोज वाचत नव्हते. श्रावकांनी पुण्य म्हणून लिहून घेतल्या, कापडात बांधल्या, पेट्यांत ठेवल्या, आणि शतकानुशतके तशाच जपल्या. आजच्या हिशेबाने पाहिले तर त्यांची देवघेव शून्य. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातले चिमणलाल डाह्याभाई दलाल यांना ही भांडारे तपासायला पाठवले. त्यांनी पोथ्या एकेक करून पाहिल्या आणि त्यांत जे निघाले त्याने अभ्यासक थक्क झाले. दहाव्या शतकाच्या आसपासचा राजशेखराचा ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ त्यांतलाच. १९१६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून तो छापला गेला. संपादक दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री.

जाता जाता एक सांगतो. हा राजशेखर कनौजच्या दरबारात होता, पण आपल्या पणजोबांचा उल्लेख तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा करतो. म्हणजे बाहेरगावी स्थायिक झालेला आणि घराण्याचा अभिमान बाळगणारा हा आपल्यासारखाच कोणी. असा मनुष्य पाटणच्या पेटीत पडून होता आणि बडोद्याने त्याला बाहेर काढले, याचे आम्हाला उगीचच बरे वाटते.

विनोद सोडून द्या. मुद्दा असा की पाटणच्या भांडाराने ‘वाचक नाही’ म्हणून पोथ्या काढून टाकल्या असत्या, तर मागणारा आला तेव्हा देण्यासारखे काही उरलेच नसते. आणि उलट बाजूही तितकीच खरी. दलाल गेलेच नसते, तर पोथ्या असून नसल्यासारख्याच होत्या. जपणाऱ्याने जपले आणि मागणाऱ्याने मागितले, तेव्हा ग्रंथ जगात आला. दोघांत सहाशे-सातशे वर्षांचे अंतर असू शकते. दलाल १९१८ मध्ये अकाली गेले, पण त्यांनी मागितलेल्या गोष्टींनी एक संस्था उभी केली. संस्कृत विभाग वाढत वाढत १९२७ मध्ये स्वतंत्र प्राच्यविद्या मंदिर झाला. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालवले, तेव्हा साहजिकच अभ्यासक विचारू लागले की रामायणाचे काय. बडोद्याच्या संस्थेने ते १९५१ मध्ये अंगावर घेतले आणि १९७५ पर्यंत सातही कांडे पुरी केली. एका संस्थेने दिलेले उत्तर दुसऱ्या संस्थेसाठी प्रश्न होऊन बसते, ते असे. आणि दोन्ही कामांना पाठभेद मिळाले ते वर्षानुवर्षे कोणी न मागितलेल्या पोथ्यांतून.

आता एक गोष्ट पुण्याची, कारण ती आपल्या घरांतल्या कागदांशी जोडलेली आहे. पेशवाई बुडाल्यावर पेशवे दफ्तराचे रुमाल इंग्रजांच्या हाती आले. इंग्रज सरकारला त्यातून काय हवे होते? कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, कोणाचे वतन चालू ठेवायचे आणि कोणाचे खालसा करायचे. इनाम कमिशनने ते कागद या नजरेने चाळले. दफ्तर ज्या कचेरीच्या ताब्यात गेले तिचे नावही जमिनींच्या हक्कावरून पडले होते: एलिएनेशन ऑफिस. म्हणजे त्या कचेरीपुरता मराठ्यांचा इतिहास म्हणजे जमिनीचा हिशेब. संशोधक दाराशी उभे राहून वर्षानुवर्षे विचारत होते, पण त्यांचा प्रश्न कचेरीच्या कामाचा नव्हता. अखेर बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या सरदेसायांकडे ते काम आले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून निघाले. तेच रुमाल, तेच कागद. विचारणारा बदलला, आणि सनदांच्या गठ्ठ्यांतून पानिपत दिसू लागले, घरगुती पत्रे दिसू लागली, माणसे दिसू लागली.

आम्ही ही गोष्ट सांगतो ती एवढ्यासाठी, की कागदाची किंमत कागदावर लिहिलेली नसते. विचारणारा काय विचारतो त्यावर ती ठरते.

आता आपल्या मंडळाकडे येऊ.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. तिथे मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. त्यामुळे तिथल्या ग्रंथालयांना सभासद किती, पुस्तके किती, नियतकालिके किती, हे मोजून दाखवावे लागते. तपासणी असते म्हणून नोंदवह्या नीट राहतात. पण जे मोजले जाते तेच वाढवण्याकडे ग्रंथालयांचा कल होतो, हा त्यातला धोकाही आहे. तपासणीसाची मागणी हीसुद्धा मागणीच. ती ग्रंथालयाला घडवते, आणि कधी कधी वाचकापेक्षा जास्त घडवते.

आपले ग्रंथालय त्या कायद्याच्या बाहेर. मराठी पुस्तकांचा हिशेब आपल्याला कोणी विचारत नाही. म्हणून आपल्याकडे विचारणारे फक्त आपणच. आपण विचारले नाही तर इथे कोणीच विचारणार नाही, इतके हे साधे आहे.

मग आपण सध्या काय विचारतो? आमच्या देवघेवीच्या वहीत दिसते ते असे: दिवाळी अंक, रहस्यकथा, चरित्रे, पाककृती, आणि श्रावण आला की व्रतकथा. यात कमी प्रतीचे काही नाही. दिवाळी अंकासाठी आलेली बाई जाताना एखादे चरित्र नेते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. पण वहीत जी लिहिलीच जात नाही अशी एक मागणी आहे. ती खिडकीवर तोंडी येते. ‘आमचे मूळ गाव कोणते असावे?’ ‘पणजोबा पागेत होते म्हणतात, तर ती पागा कोणाची?’ ‘घरात मोडीतला एक कागद आहे, त्यावर शिक्का आहे, तो कसला?’ ‘भोंडल्याची सगळी गाणी कोणाला येतात का?’ ‘बडोद्यात मराठी नाटके कुठे होत असत?’

या प्रश्नांना पुस्तकाचे नाव नसते. त्यामुळे खिडकीवरचा कार्यकर्ता ‘असे पुस्तक नाही’ म्हणतो, विचारणारा घरी जातो, आणि वहीत काहीच नोंद होत नाही. आकड्यांत ही मागणी शून्य दिसते. आणि नेमक्या याच प्रश्नांची उत्तरे, असली तर, मागच्या खोलीतल्या सहा कपाटांत आहेत. तिथे आपल्या जुन्या स्मरणिका आहेत, कार्यक्रमपत्रिका आहेत, बडोद्यात छापलेली आणि दुसरीकडे सहसा न मिळणारी मराठी पुस्तके आहेत, काही घराण्यांचे कुलवृत्तांत आहेत, आणि काही कुटुंबांनी घर बदलताना विश्वासाने आणून दिलेली मोडी कागदांची बोचकी आहेत.

कुलवृत्तांताचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. हा ग्रंथप्रकार विद्यापीठातून आला नाही. तो घरांतून आला. कोणा काकांना वाटले की आपली वंशावळ लावावी. त्यांनी पत्रे पाठवली, नातेवाइकांच्या घरी जाऊन जन्मतारखा विचारल्या, देवस्थानच्या उपाध्यायांकडच्या वह्या पाहिल्या, आणि शेवटी वर्गणी काढून छापले. आज स्थलांतराचा किंवा आडनावांचा अभ्यास करणारे तेच कुलवृत्तांत शोधत येतात. एका आजोबांनी आपल्या घरापुरता घेतलेला शोध दुसऱ्याच्या संशोधनाचे साधन झाला. पण त्यात एक तुटपुंजेपणाही आहे. बहुतेक जुन्या कुलवृत्तांतांत सुनांचे माहेरचे नाव आहे आणि लेकींचे सासरचे, त्यापलीकडे बायकांबद्दल काही नाही. विचारणाऱ्या काकांनी ते विचारलेच नव्हते. आणि ज्या घरांकडे वर्गणी काढून छापण्याची ऐपत नव्हती त्यांचे वृत्तांत नाहीतच. बडोद्याला गायकवाडांबरोबर शिलेदार आणि फडणीस आले तसे मोतद्दार, आचारी, वाजंत्री आणि शिंपीही आले. त्यांची नातवंडे आज या मंडपात बसली आहेत. त्यांच्या घरांतली माहिती कोणी मागितली तर ती अजून मिळेल. अजून वीस वर्षांनी सांगणारे राहणार नाहीत.

मोडीविषयी थोडे. बडोद्याच्या सरकारी दफ्तरातही मोडी कागद आहेत आणि आपल्या माळ्यांवरच्या ट्रंकांतही आहेत. वाचणारे हात थोडे. ट्रंक उघडली की पहिला प्रश्न येतो, ‘हे काय आहे ते कळत नाही, मग ठेवायचे कशाला?’ मागची पिढी ‘असू दे, पूर्वजांचे आहे’ म्हणून ठेवत आली, पाटणच्या श्रावकांसारखी. नवी पिढी फ्लॅटमध्ये राहते, तिच्याकडे माळा नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला कागदात काय आहे हे कळले तर ती ठेवील, नाहीतर का ठेवावे?

मुलांचे वेगळे आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते. म्हणजे अक्षराची अडचण नाही, धीराची आहे. शंभर पानांचे मराठी पुस्तक पाहून मूल दचकते, आणि आपल्याला वाटते मागणी नाही. सोळा पानांचे, मोठ्या टाइपाचे पुस्तक पुढे ठेवले तर ते बसल्या जागी संपवते आणि दुसरे मागते. महाराजांना सक्तीच्या शाळेनंतर जी भीती वाटली होती तीच इथे आहे. संस्कारवर्गात मराठी शिकवायचे आणि वाचायला हाती काही द्यायचे नाही, याने वर्ष दोन वर्षांत सारे पुसले जाईल. तेव्हा वर्गाला खोली द्या म्हणणारे आणि कपाटे ठेवा म्हणणारे असे दोन पक्ष करण्याचे कारणच नाही. वर्ग कपाटांच्या खोलीतच भरवा.

कार्यकारिणीला आम्ही जे उत्तर देणार आहोत ते आज सर्वांसमोर सांगतो, म्हणजे वार्षिक सभेत कोणाला नवल वाटणार नाही.

सहांपैकी दोन कपाटे रिकामी करता येतील. त्यांत लोकप्रिय कादंबऱ्यांच्या दुबार-तिबार प्रती आहेत आणि जुनी क्रमिक पुस्तके आहेत. ती ज्यांना हवी त्यांनी न्यावीत. या कपाटांच्या जागी मुलांसाठी उघडे, बुटके शेल्फ करावे. त्यांना हात पोचेल एवढे. तीन कपाटे, म्हणजे बडोद्यात छापलेली पुस्तके, स्मरणिका आणि कुलवृत्तांत, हलवू नयेत. यात आम्ही तडजोड करणार नाही, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगतो. ही पुस्तके दुसरीकडे मिळत असती तर आम्ही हट्ट धरला नसता. उरलेल्या एका कपाटात मोडी कागद आहेत. त्यांचे छायाचित्रण करून घ्यावे, ज्या घरांनी दिले त्यांना प्रती द्याव्यात, आणि कोणाचे कुठले बोचके याची यादी करावी. उत्सवाच्या सामानासाठी रंगमंचाखालची जागा आम्ही मोजून पाहिली आहे. मखराच्या फळ्या तिथे बसतात.

आणि एक नवी वही सुरू केली आहे. तिचे नाव मागणीवही. तिच्यात पुस्तकाचे नाव लिहायचे नाही, प्रश्न लिहायचा. कोणत्याही भाषेत चालेल. मुलांनी गुजरातीत लिहिले तरी चालेल. शेजारच्या पानावर उत्तर मिळेल तसे लिहिले जाईल, आणि उत्तर कोणी दिले, कोणत्या कागदावरून दिले, तेही. आम्हाला उत्तर येईलच असे नाही. पण एकच प्रश्न पाच घरांतून आला तर त्यासाठी कोणते पुस्तक आणायचे, कोणत्या दफ्तरात अर्ज करायचा, कोणत्या आजींकडे बसून ऐकून घ्यायचे, हे आम्हाला कळेल. पुढच्या वर्षीची खरेदी आम्ही या वहीवरून करणार आहोत. दिवाळी अंक येतीलच, त्याची काळजी नसावी.

वही उत्सव संपेपर्यंत मंडपात पावतीपुस्तकाच्या टेबलावर आहे, नंतर ग्रंथालयाच्या खिडकीत असेल. ज्यांना मोडी थोडीफार वाचता येते, मग ती अडखळत का असेना, त्यांनी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मागच्या खोलीत यावे. घरात कागद असतील तर तेही आणावेत, फक्त घड्या उलगडू नका, तशाच पिशवीत घालून आणा. चष्मा विसरू नये. चहा मंडळाकडून.